“आज कोर्टात तारीख होती का?” : आयर्लंडमधल्या ऑफिसच्या बार्बेक्यूला काय घालायचं

मे महिना संपत आला की आयर्लंडमधल्या ऑफिसांत एक मेल फिरायला लागतो. टीमचं ‘समर सोशल’ आहे, गुरुवारी चारपासून पुढे, एका पबच्या मागच्या बागेत. बार्बेक्यू असेल, दोन क्लायंट कंपन्यांची माणसंही येणार आहेत. आणि शेवटी दोनच शब्द : ड्रेस कॅज्युअल. तुम्ही ते वाचता आणि कपाट उघडून उभे राहता. कॅज्युअल म्हणजे घरी घालतो ते? कॉलेजात घालायचो ते? की पुण्याच्या ऑफिसात शुक्रवारी चालायचं ते? रविवारी आईशी व्हिडिओ कॉल होतो तेव्हा ती सांगते, “चार लोकांत जातोयस, जरा नीट जा.” प्रश्न होता तिथेच राहतो.

पॉडकास्टवर एरवी आम्ही ज्या विषयांवर बोलतो त्यांच्यापुढे हा विषय हलका वाटेल. पण बघा. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांवर भारतीय नागरिक मोजले गेले. त्यांतले कित्येक जण विद्यार्थी म्हणून आले. मास्टर्स झाल्यावर ‘स्टॅम्प १जी’वर दोन वर्षांपर्यंत राहून नोकरी शोधता येते, करता येते. त्या मुदतीत एखादी कंपनी वर्क परमिटसाठी तुमच्या मागे उभी राहायला हवी. ते ठरवणारी माणसं तुम्हाला मीटिंगमध्ये पाहतात तशीच या बागेतही पाहतात. शर्ट पाहून कुणी परमिट देत नाही, हे खरंच. पण अवघडलेला माणूस लवकर घरी जातो, आणि लवकर घरी गेलेल्या माणसाशी कुणाची ओळख होत नाही. हे मी अनुभवावरून सांगतोय.

माझ्या पहिल्या समर सोशलला मी नेव्ही ब्लू ब्लेझर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, करडी फॉर्मल पँट आणि निघायच्या आधी लक्ष्मी रोडवरून घेतलेले काळे चकचकीत बूट घालून गेलो. बागेत शिरलो तर आमचे डिरेक्टर हाफ पँट आणि विटलेला पोलो टीशर्ट घालून, हातात चिमटा घेऊन सॉसेज उलटत होते. बुरबुर पाऊस चालू होता आणि त्याची कुणी दखलही घेत नव्हतं. एक सीनियर सहकारी माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, “काय रे, आज कोर्टात तारीख होती का?” सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं, एका कोपऱ्यात ज्यूसचा ग्लास धरून उभा राहिलो आणि साडेसातला “उद्या लवकर उठायचंय” सांगून निघालो. बसमध्ये कान गरम झालेले होते. तीनेक आठवड्यांनी कळलं, की त्याच संध्याकाळी आठनंतर क्लायंटकडच्या एका बाईंनी सहज विचारलं होतं, नव्या प्रोजेक्टला कोण मोकळं आहे? तेव्हा तिथे जे दोघं उभे होते त्यांची नावं पुढे गेली. मी तिथे उभा नव्हतो.

बरेच दिवस मी चूक ब्लेझरच्या नावावर टाकत होतो. आता वाटतं, चूक साडेसातला निघण्याची होती. पण ब्लेझर नसता तर साडेसातला निघालो नसतो, म्हणून सुरुवात ब्लेझरपासूनच करू.

‘नोशन्स’ म्हणजे काय

आयरिश इंग्रजीत ‘नोशन्स’ असा एक शब्द सतत कानावर पडतो. एखाद्याला ‘नोशन्स’ आहेत म्हणजे तो स्वतःला कुणीतरी समजायला लागलाय. आपलं ‘भाव खातोय’, ‘शायनिंग मारतोय’ आणि ‘जरा शिष्टच आहे’ यांची गोळाबेरीज. साध्या चहाऐवजी लांबलचक नावाची कॉफी मागवली तर नोशन्स. बार्बेक्यूला कफलिंक्स लावून आलात तर उघडउघड नोशन्स. शब्द बहुतेक वेळा थट्टेत येतो, लोक स्वतःबद्दलही वापरतात. पण त्याच्यामागे नियम पक्का आहे : प्रयत्न केला असेल, तर तो दिसू द्यायचा नाही.

याचा पुरावा हवा असेल तर एखाद्या सहकारी मुलीच्या ड्रेसची स्तुती करून बघा. उत्तर येईल, “थँक्स, पेनीज!” पेनीज म्हणजे १९६९ साली डब्लिनच्या मेरी स्ट्रीटवर सुरू झालेलं स्वस्त कपड्यांचं दुकान, आयर्लंडबाहेर त्याला प्रायमार्क म्हणतात. स्तुती झाली की कपडा किती साध्या दुकानातला आहे ते ताबडतोब सांगून टाकायचं. आपल्याकडेही तुळशीबागेतून आणलेल्या कुर्त्याची किंमत लोक आपणहून सांगतात, पण त्यात घासाघीस जिंकल्याचा अभिमान असतो. इथे मुद्दा वेगळा असतो : मी काही विशेष केलेलं नाही, तुम्हीही अवघडू नका.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं ते याच्या नेमकं उलट. कार्यक्रमाला जायचं म्हणजे ठेवणीतले कपडे काढायचे. मुंजीला कुणी चुरगळलेल्या टीशर्टात आला तर घरच्यांच्या मनात येतंच, याला आमची काही किंमत आहे की नाही? आपल्याकडे चांगले कपडे हा यजमानाचा मान असतो. इथे साधे कपडे हा बरोबरच्या माणसांचा मान असतो. दोन्हीकडे शिष्टाचारच आहे, फक्त तो कुणाकडे तोंड करून उभा आहे ते वेगळं. हे कळलं नाही तर दोन्ही बाजूंनी गैरसमज होतो. तुम्हाला वाटतं, ही माणसं किती गबाळी. त्यांना वाटतं, हा पोरगा किती ताठ.

आता तो कोर्टाचा विनोद. आयर्लंडमध्ये एरवी सूट न घालणारा माणूस सूट घालून आला की हा विनोद हमखास होतो, इतका तो शिळा आहे. अशा थट्टेला इथे ‘स्लॅगिंग’ म्हणतात. अनोळखी माणसाशी लोक अतिशय नम्रपणे वागतात. ज्याला आपल्यातला मानायला सुरुवात केली त्याचीच थट्टा करतात. पुण्यातल्या कट्ट्यावर नव्या मुलाला टोपणनाव मिळतं तसंच हे. मला त्या दिवशी म्हणता आलं असतं, “हो, जामिनावर सुटलोय, बर्गर खाऊन परत जायचंय.” सुचलं नाही. आता सुचून काय उपयोग, पण तुम्ही लक्षात ठेवा.

म्हणजे आयरिश माणसं कधी नटतच नाहीत, असं समजू नका. जुलैच्या अखेरीला गॉलवेजवळ बॅलिब्रिटला आठवडाभर घोड्यांच्या शर्यती चालतात. कंपन्या तिथे क्लायंट्सना घेऊन जातात, जेवण असतं, तंबू असतात. तोही उघड्यावरचा, गप्पाटप्पांचा कार्यक्रमच. पण तिथे तुमचे तेच हाफ पँटवाले डिरेक्टर सूट-टायमध्ये दिसतील. गुरुवारच्या ‘लेडीज डे’ला बायकांच्या डोक्यावर पिसांच्या, जाळीच्या अशा टोप्या असतात, की आपल्याकडच्या लग्नातली पैठणी त्यापुढे साधी वाटावी. नटायचं तेव्हा सगळे ठरवून नटतात. एकट्यानं नटायचं नाही. त्यामुळे आमंत्रणात ‘रेसेस’ हा शब्द असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ब्लेझर बाहेर काढा.

हा शब्द आला कुठून

‘कॅज्युअल’ हा शब्द इतका घोटाळ्याचा का, हेही थोडक्यात पाहू. ऑफिसात सैल कपडे घालायची रीत पसरली त्यात हवाईच्या शर्टवाल्यांचा मोठा वाटा आहे. तिथल्या कापड-उद्योगानं मागे लागून १९६६ मध्ये ‘अलोहा फ्रायडे’ची प्रथा सुरू करून घेतली. पुढे १९९२ मध्ये लीव्हाय स्ट्रॉस कंपनीनं आठ पानांची एक पुस्तिका काढून अमेरिकेतल्या सुमारे २५ हजार एचआर मॅनेजरांना पाठवली. ऑफिसात कॅज्युअल म्हणजे काय घालावं, हे तिच्यात चित्रांसह होतं. आणि चित्रात काय? त्यांच्याच डॉकर्स ब्रँडची सुती पँट. आज आपण जिला ‘चिनोज’ म्हणतो, ती ऑफिसच्या कॅज्युअलचा जणू गणवेश झाली ती अशी. थोडक्यात, या शब्दाला व्याख्या कधी नव्हतीच. एका पँट विकणाऱ्यानं ती सोयीनं भरून दिली, आणि प्रत्येक देशानं, प्रत्येक ऑफिसानं मग आपापली भर घातली.

म्हणून पहिलं काम : विचारा. आपल्याला विचारायची लाज वाटते, कारण विचारलं म्हणजे माहीत नाही हे उघडं पडतं. पण “गेल्या वर्षी लोक काय घालून आले होते?” हा इथे अगदी साधा प्रश्न आहे, स्थानिक लोकही एकमेकांना विचारतात. विचारायचंच नसेल तर कंपनीच्या लिंक्डइन पानावर खाली खाली जा, गेल्या जूनचे फोटो सापडतील. फोटोत बॉसपेक्षा तुमच्याच वयाच्या, तुमच्याच हुद्द्याच्या माणसांकडे बघा. बॉसला विटका टीशर्ट परवडतो, नव्या माणसाला तो तितकासा परवडत नाही.

बहुतेक आयरिश बार्बेक्यूंना जे चालतं ते असं : गडद जीन्स किंवा चिनोज, कॉलरचा टीशर्ट किंवा बाह्या दुमडलेला साधा शर्ट, स्वच्छ स्नीकर्स. मुलींसाठी जीन्सवर बरा टॉप, किंवा गुडघ्याखालपर्यंतचा सुती ड्रेस आणि सपाट बूट. इस्त्री करा, पण कडक नको. टाय नको, लॅपटॉपची बॅग नको, गळ्यातलं ऑफिसचं आयकार्ड नको. हे शेवटचं आपली मंडळी फार विसरतात. क्लायंट येणार असतील तर वर एक पातळ स्वेटर किंवा सैल जाकीट चढवा, काढायला बरं. एवढ्यानं नव्वद टक्के प्रश्न सुटतो. उरलेला दहा टक्के प्रश्न आकाशात आहे.

पाऊस पुण्याइतकाच, पण

आयर्लंडमध्ये फार पाऊस पडतो असं सगळे म्हणतात. आकडा बघा : डब्लिनला वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यालाही जवळपास तेवढाच. मुंबईला याच्या दुपटीहून कितीतरी जास्त. फरक वाटपाचा आहे. पुण्याचा पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो आणि मग तुम्ही आठ महिने छत्री माळ्यावर टाकता. डब्लिनचा तोच पाऊस बारा महिन्यांवर चमच्या-चमच्यानं वाढलेला असतो. किमान एक मिलिमीटर पाऊस पडतो असे दिवस पूर्व किनाऱ्यावर वर्षाला सुमारे १५०, आणि पश्चिमेकडच्या काही भागांत सव्वादोनशेपर्यंत. म्हणून ‘पाऊस आहे का’ हा प्रश्न इथे निरर्थक आहे. पाऊस कधीही येईल, दहा मिनिटं राहील, जाईल आणि परत येईल. कार्यक्रम त्यासाठी थांबणार नाही.

हलक्या, अंगाला चिकटणाऱ्या भुरभुरीला इथे ‘सॉफ्ट डे’ म्हणतात. हा पाऊस भिजवत नाही असं वाटतं, आणि तासाभरानं तुम्ही आतपर्यंत ओले असता. यात दोन गोष्टी मार खातात. पहिली छत्री. वारा असतो, छत्री उलटी होते, आणि एका हातात प्लेट, दुसऱ्यात ग्लास असताना छत्री धरायला तिसरा हात नसतो. दुसरी म्हणजे सुती कपडे. आपल्या उन्हाळ्यात सूत चांगलं, कारण ते घाम पितं आणि वाऱ्यावर वाळताना अंग गार करतं. इथे त्याचा तोच गुण अंगाशी येतो. भिजलेली जीन्स वाळायला तासन्‌तास लागतात आणि तोवर ती तुमच्या अंगातली ऊब ओढून घेत राहते. लोकरीचं तसं नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतका दमटपणा तंतूंच्या आत सामावून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून जूनमध्येही आयरिश माणसाच्या खांद्यावर एक लोकरी स्वेटर टाकलेला दिसतो.

स्वेटरवरून एक गंमत. पांढऱ्या, वेलबुट्टीसारख्या विणीच्या ‘अ‍ॅरन’ स्वेटरबद्दल दुकानात सांगतात की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असायची आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख विणीवरून पटवायचे. ही दंतकथा आहे. जॉन मिलिंग्टन सिंगच्या १९०४ मधल्या एका नाटकात बुडालेल्या माणसाची ओळख मोज्याच्या टाक्यांवरून पटते, त्यातून ती फुगली असं मानतात. स्वेटर प्राचीन वगैरे नाही, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला आहे. तरी घ्यायला हरकत नाही, उबदार असतो. फक्त बार्बेक्यूला नवाकोरा घालून जाऊ नका, विमानतळावरून थेट आलात असं वाटेल.

तापमानाचंही गणित आहे. जुलैत डब्लिनचं दुपारचं सरासरी कमाल तापमान १९–२० अंश, रात्रीचं किमान ११–१२. कार्यक्रम चारला सुरू होतो, तेव्हा ऊन असेल आणि सगळे “लव्हली डे” म्हणत असतील. आठला वारा सुटला की तुमच्या अंगावरचा एकटा शर्ट पुरत नाही. आणि संध्याकाळ संपता संपत नाही. जूनच्या अखेरीला डब्लिनमध्ये सूर्य दहाला काही मिनिटं कमी असताना मावळतो. या लांबलेल्या उजेडाचं इथे इतकं कौतुक आहे की “ग्रँड स्ट्रेच इन द ईव्हनिंग” हे वाक्य दर वर्षी प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो. तुम्हीही म्हणा, संभाषण सुरू होतं. तर कपडे चारच्या हवामानासाठी निवडू नका, नऊच्या हवामानासाठी निवडा आणि चारला काढून ठेवा. आपण ज्याला विंडचीटर म्हणतो तो टोपीवाला, घडी घालून पिशवीत मावणारा प्रकार हे या देशातलं सर्वांत उपयोगी वस्त्र आहे. त्याच्याआत पातळ लोकर, त्याच्याआत शर्ट. पश्चिमेकडे कार्यक्रम असेल तर संध्याकाळी ‘मिजेस’ नावाची चिलटं चावतात, तेव्हा पूर्ण पँटच बरी. आणि ऊन असेल तर सनस्क्रीन लावा. आपली कातडी सावळी आहे म्हणून काही होत नाही, हा भ्रम आहे.

पायांत काय

माझे लक्ष्मी रोडचे बूट त्या संध्याकाळी ओल्या गवतात गेले ते गेलेच. चामड्याचा तळवा गवतावर घसरतो आणि ओलावा पितो. कोल्हापुरी तर मुळीच नको, चामडं भिजून फुगतं आणि त्या चपलेचं परत काही होत नाही. बारीक टाचेचे सँडल मऊ मातीत खिळ्यासारखे रुततात. रबरी तळव्याचे, जरा जाड स्नीकर्स हे उत्तर आहे. कंट्रीसाइडमध्ये शेतावर कार्यक्रम असेल तर यजमान म्हणेल, “वेलीज आणा.” म्हणजे वेलिंग्टन, आपले गमबूट.

इथे मला थोडं भरकटू द्या, कारण हे गमबूट आपल्या ओळखीचे आहेत. ज्याच्या नावावरून हे बूट ओळखले जातात तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे आर्थर वेलस्ली, १७६९ मध्ये आयर्लंडमध्येच जन्मला. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेविरुद्ध जो लढला तो हाच. पुढे लंडनच्या हॉबी नावाच्या मोच्याकडून त्यानं घोडेस्वारीचे उंच बूट सोयीसारखे बदलून घेतले, त्यांची फॅशन झाली. ते चामड्याचे होते, रबराचे बूट १८५०च्या दशकात आले. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये त्याचा ६२ मीटर उंच दगडी स्तंभ आहे, त्याच्या पायथ्याशी भारतातल्या लढायांवर एक ब्राँझचं शिल्प बसवलेलं आहे. बार्बेक्यूत बोलायला विषय नसेल तर गमबुटांपासून असईपर्यंत सहज जाता येतं. मी गेलोय. ऐकतात लोक.

आपले कपडे

मग आपला कुर्ता, साडी? हा प्रश्न मुली जास्त विचारतात. माझं मत स्पष्ट आहे : जीन्सवर सुती किंवा खादीचा आखूड कुर्ता हा आयरिश बार्बेक्यूला उत्तम पोशाख आहे, मुलांनाही. सैल असतो, साधा असतो आणि ‘नोशन्स’ वाटत नाही. जरीची साडी मात्र कॅज्युअलच्या दिवशी नको. ती परकी म्हणून नव्हे, तर ओल्या गवतात पदर आणि निऱ्या सांभाळताना तुमचं अर्धं लक्ष तिथेच राहील म्हणून. हा व्यवहार आपल्याकडच्या बायकांना फार आधीपासून कळत होता. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत डॉक्टरकी शिकायला गेल्या तेव्हा नऊवारी नेसत. काष्ट्याच्या साडीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिथली थंडी सोसेना, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण बदललं. त्या काळी एवढ्या बदलावरही घरी पत्रातून विचार करावा लागत होता. आपल्याला निदान व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून भागतं.

भगव्या कुर्त्याबद्दल एक बारीक सूचना. आयर्लंडच्या झेंड्यातला केशरी रंग ऑरेंजच्या विल्यमच्या अनुयायांचा, प्रोटेस्टंट परंपरेचा मानला जातो, आणि उत्तर आयर्लंडमध्ये १२ जुलैला ऑरेंज ऑर्डरच्या मिरवणुका निघतात. डब्लिनमध्ये तुमच्या केशरी कुर्त्याकडे कुणी त्या नजरेनं बघणार नाही. त्या सुमारास बेलफास्टला कार्यक्रम असेल तर दुसरा रंग निवडा, उगाच समजावत बसायला नको. तिथे सेल्टिक किंवा रेंजर्सची जर्सीही टाळा, या दोन फुटबॉल संघांना धर्माचा आणि राजकारणाचा जुना वास आहे. ‘गॅलिक’ खेळांच्या काउंटी जर्सींचं दक्षिणेत तसं नाही. कॅज्युअल कार्यक्रमात त्या बिनधास्त चालतात, आणि मराठी माणसानं मेयोची हिरवी-लाल जर्सी घातलेली दिसली तर लोक लांबून चालत येऊन बोलतात. फक्त तुम्हाला मेयो कुठे आहे हे माहीत हवं.

चुकलंच तर

समजा सगळं वाचूनही चुकीचे कपडे घालून गेलात. इथे एक जुना प्रयोग दिलासा देतो. गिलोविच, मेडवेक आणि सॅवित्स्की यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला, कॉलेजात घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. टीशर्टावर कोण आहे हे किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं विचारल्यावर त्यांचा अंदाज होता, जवळपास निम्म्या जणांच्या. प्रत्यक्षात ते एक चतुर्थांश जणांच्याच लक्षात आलं होतं. आपल्याला वाटतं तेवढं आपल्याकडे कुणी बघत नसतं.

वेगळे कपडे घालणारा उलट वजनदार वाटतो, असंही एक संशोधन आहे, २०१४ मधलं, लाल स्नीकर्सच्या नावानं गाजलेलं. पण त्यातली अट लोक विसरतात : तो वेगळेपणा मुद्दाम केलेला आहे, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. शिवाय त्या निबंधाच्या एका लेखिकेचे दुसरे काही निबंध पुढे आकड्यांच्या वादात मागे घेतले गेले. तेव्हा हा निष्कर्ष हात राखूनच घ्या. नव्या माणसानं त्याच्या भरवशावर काही करू नये.

मुद्दाम केलेला वेगळेपणा कसा दिसतो याचं बरं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. लिओ वराडकर, वडील डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ च्या जुलैत, पंतप्रधान होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, डब्लिनमध्ये कॅनडाच्या जस्टिन ट्रूडोंना भेटताना त्यांनी व्यवस्थित सूट घातला आणि पायांत मेपलची पानं आणि कॅनडाचे घोडेस्वार पोलीस असलेले लाल मोजे. ट्रूडो स्वतः रंगीत मोज्यांसाठी प्रसिद्ध. फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे आणि गंमत घोट्याशी, पाहुण्याच्या आवडीची. काहींनी त्यावर नाकंही मुरडली, पण मोजे लक्षात राहिले.

दुसऱ्या वर्षी मी जीन्स, आईनं पाठवलेला निळा खादीचा आखूड कुर्ता आणि पिशवीत विंडचीटर असा गेलो. कोर्टाच्या विनोदाचा मालक दारातच भेटला, वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, “निर्दोष सुटलास वाटतं.” मी म्हटलं, “अपिलात.” दहानंतर निघालो तेव्हाही आकाशात उजेड होता. मोजे ओले होते.